मिस्ये सखारामांची टोपी

आधी टोपीचं सांगते, कारण त्या खोलीत शिरलं की टोपीच आधी दिसायची, माणूस मागाहून.

पोर्ट लुईत एका कापडाच्या दुकानावर लाकडी जिना चढून गेलं की एक लांबट खोली. खोलीत फळा, फळ्याशेजारी खिळा, आणि खिळ्याला फरची टोपी. करडी, कान झाकायच्या पट्ट्यांची, मेलेल्या मांजरासारखी लोंबत असायची. बाहेर डिसेंबरचं ऊन. हो, मॉरिशसला डिसेंबरात उन्हाळा असतो, मलाही तिथे जाऊनच कळलं! वर पत्रा तापलेला आणि खिडक्या सगळ्या बंद. का, तर खालच्या रस्त्यावरचं क्रेओल, म्हणजे तिथली रोजची बोली, एका कानातून आत आलं की दुसऱ्या कानातून रशियन बाहेर पडतं, असं मिस्ये सखाराम, म्हणजे आमचे सर, म्हणायचे.

तर नियम असा. जो चुकेल त्याने टोपी घालायची. पट्ट्या हनुवटीखाली बांधायच्या. पाच मिनिटं, घड्याळ लावून. घाम डोळ्यांत उतरायचा, केस चिकटायचे, आणि तोवर वर्ग चालूच. कोणी हसलं की पुढची पाळी त्याची. आणि दुसरा नियम: मिस्ये खडूने बोट दाखवल्यासारखं दाखवत नाहीत तोपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही. उघडलं की टोपी. बरोबर उत्तर असलं तरी टोपी.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची. बाबांना सरकारने दोन वर्षांसाठी तिकडच्या मराठी शिक्षकांना शिकवायला पाठवलेलं, त्यामुळे माझं साताऱ्याचं कॉलेज अर्धवट सुटलं. आईला गवार निवडून देण्यापेक्षा काहीतरी शीक, बाबा म्हणाले, आणि फुकट शिकवणारं एकच काहीतरी सापडलं, ते रशियन. मॉरिशसला जाऊन रशियन! साताऱ्याला मैत्रिणींना पत्र लिहिलं तर त्यांना वाटलं मी थापा मारतेय.

पहिल्या दिवशी मी आपली छान वही, नवं पेन, "नमस्कार गुरुजी." त्यांनी वर पाहिलंच नाही. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली, आणि डाव्या कानाचा वरचा तुकडाच नाही. उंदराने कुरतडल्यासारखा.

"गुरुजी देवळात," ते म्हणाले. "इथे मिस्ये. नवीन आहेस?"

"हो."

"मग बसतेस कशाला? जा. एक तास. गावात फीर, दहा वस्तू घेऊन ये. हातात नाही, डोक्यात. नावं मी देईन."

"पण मला इथलं काहीच माहीत नाही, भाषा पण..."

"म्हणूनच."

मी गेले! काय करणार? रस्त्यांची नावं फ्रेंच, बोलणं क्रेओल, पाट्या चिनी, आणि माझ्या पायात नवी चप्पल. बाजारात एक बाई आलुदा विकत होती, गुलाबी दुधात सब्ज्याचं बी, मी खुणेने मागितला आणि खुणेनेच पैसे दिले. मग घोड्यांच्या शर्यतीचं मैदान. मग वडाच्या पारंब्यांची बाग, मग चुकले, मग परत तीच बाग, मग रडू आलं, मग अचानक बंदर! तोफा, आणि पलीकडे गंजकी मोठी मासेमारीची बोट, तिच्यावर उलटीसुलटी वाटणारी रशियन अक्षरं, कठड्यावर बनियन वाळत घातलेले. मला एवढा आनंद झाला की ती अक्षरं वाचता येत नाहीत हेच विसरले.

परत आले तेव्हा एक तास वीस मिनिटं झालेली.

"स्कोल्का?" मिस्येंनी विचारलं. म्हणजे, किती? हा मी शिकलेला पहिला रशियन शब्द. पुढे मी वर्गात होते तोवर रोज दारातच विचारायचे: आज किती शब्द आणलेस?

"सात."

त्यांनी टोपी काढली आणि स्वतः माझ्या डोक्यावर ठेवली. पट्ट्या बांधताना हात अगदी हलके होते, हे मला अजून आठवतं. "तुला नाही, तुझ्या जिभेला घालतोय," म्हणाले. मला डांबराच्या गोळ्यांचा आणि दुसऱ्यांच्या घामाचा वास आला. डोळ्यांतून पाणी आलं तर म्हणाले, "रडायचं तर रशियनमध्ये रड. ते आठव्या धड्यात आहे."

मिस्ये म्हणजे आपलेच, मराठी. सूयाक गावचे. सखाराम हे त्यांच्या पणजोबांचं नाव, बोटीवरून उतरल्यावर कारकुनाने आडनावाच्या जागी लिहिलं ते चिकटलं कायमचं. सरकारी खर्चाने रशियात सहा वर्षं धरणं बांधायला शिकून आले आणि इथे त्यांचा पदवीचा कागद कोणी मानला नाही. पाण्याच्या कचेरीत खिडकीवर बसायचे, गळक्या नळांच्या तक्रारी लिहून घ्यायचे. चारला सुटायचे, कोपऱ्यावर गातो पिमाँ घ्यायचे, म्हणजे डाळीचे तिखट वडे. तीनच. वर्गात येऊन आमच्यासमोर उभ्याने खायचे, एकेक, सावकाश. कोणाला "घे" म्हणून कधी नाही. मग बोटं रुमालाला पुसून खडू मोडायचे, अर्धा खिशात, अर्धा हातात, आणि सुरू.

आम्ही बारा जण होतो. मी सोडून बाकीचे गंमत म्हणून आलेले नव्हते. वर्षाला या वर्गातून एकाला रशियन कचेरीवाले रशियात शिकायला पाठवायचे, जाणं-येणं, राहणं-खाणं सगळं त्यांचं. एकालाच. मी भारतातली, मला ते मिळणारच नव्हतं, त्यामुळे सगळ्यांचं माझ्याशी छान जमायचं.

सर्वांत छान लीलाशी. पेती राफ्रे गावची. बाप ऊस तोडायचा, आई त्याच्यामागून मोळ्या बांधायची. तिची मराठी ऐकली की माझे बाबा वही काढून लिहूनच घ्यायचे. मला ती नावाने हाक मारायचीच नाही. "ए इंडिया! तुजी मराठी रेडिओवानी हाय गो. बोल ना अजून, झोप येतीय ऐकून." तिला डॉक्टर व्हायचं होतं. का, विचारलं तर म्हणाली, "इस्टेटीचा डॉक्टर माज्या बापाचा हात दुखतोय का बगत नाय. कोयता धरवतोय का तेवडंच बगतो. कोरेक, बरोबर हाय सगळं, जा कामाला, म्हणतो."

आणि लीलाने टोपी कधीच घातली नाही! आख्ख्या वर्षात एकदाही नाही. मिस्येंना ते सहन व्हायचं नाही. तिला जिन्यात गाठून विचारायचे, पाणी पिताना विचारायचे, आजारी पडून चार दिवसांनी आली तर पहिला खडू तिच्याकडे. ती उभी राहायची, हात मागे बांधून सांगायची आणि खाली बसायची. मिस्ये खिळ्याकडे गेलेला हात तसाच मागे घ्यायचे. एकदा मी तिला म्हटलं, तुझा राग करतात ते. तर हसली. "राग नाय गो. माज्याबगार त्यांचा दिस जात नाय."

उलट राजेन. गुबगुबीत, बापाच्या चार लॉऱ्या, टोपी जवळजवळ त्याच्याच मालकीची. एका दिवशी टोपीतच त्याला चक्कर आली, बाकावरून खाली पडला. आम्ही धावलो. मिस्ये जागचे हलले नाहीत. घड्याळ बघून म्हणाले, "अजून दोन मिनिटं आहेत. झोपून घालू दे." आणि आम्ही, शपथ, त्याच्या डोक्यावरची टोपी कोणी काढली नाही. मीसुद्धा नाही.

मग वर्ष संपत आलं आणि कळलं की रशियन कचेरीतली बाई, गालिना इवानोव्ना, राजेनचं आणि लीलाचं घर बघायला जाणार आहे. लेखी परीक्षेत हीच दोघं पुढे आलेली, राजेनच्या चुका फक्त बोलताना व्हायच्या. दोघांतून एक. गरजू घरच्याला आधी, असा त्यांचा हिशोब होता. पण हे मिस्येंशिवाय कोणाला माहीत नव्हतं. आम्हाला कळलं ते सगळं झाल्यावर.

लीलाचे वडील मुद्दाम बसने वर्गात आले. धुतलेला शर्ट, हातात टोपली, टोपलीत पपया. दारातच चपला काढल्या.

"मिस्ये, घर बगाय येतायत म्हनं. आमी काय तयारी करायची?"

मिस्ये फळा पुसत होते. वळले नाहीत. "पोरगी बघायला येतात तेव्हा काय करता?"

"ते... घर नीट करताव. पोरगी नटवताव. पाव्हण्यांना चा-खायला..."

"मग?"

एवढंच. मग. वडिलांनी मान हलवली, पपया ठेवल्या, गेले. लीला माझ्या शेजारी बसलेली, तिने कपाळाला हात लावला. "आयो, आता माजी आये गाव गोळा करनार."

आणि केलं की! त्या रविवारी मी पेती राफ्रेला पोचले तर पत्र्याच्या त्या घरात पितों गावच्या तिच्या मावशीचा सोफा. लाल, प्लॅस्टिकचं आवरण न काढलेला. ऊस वाहायच्या लॉरीतून आणलेला, दारातून आत जाईना म्हणून दाराची चौकट काढलेली, ती मागे परसात उभी. कोपऱ्यात चिन्याच्या दुकानातला टीव्ही, त्याला वायरच नाही, वर फुलदाणी. वडिलांच्या अंगात शेजाऱ्याचा कोट, बाह्या बोटांपर्यंत. भिंतीवर एरवी कोयता टांगलेला असायचा, तो काढून पलंगाखाली ढकललेला, पण भिंतीवर त्याचा ठसा राहिलेला, पांढरा, वाकडा, वर रिकामा खिळा. आणि मी. मला का बोलावलं? इंडियातली शिकलेली मैत्रीण सोफ्यावर बसलेली दिसावी म्हणून. मीही त्या दिवशी उसनीच आणलेली.

लीला स्वयंपाकघरात, मावशीच्या शालूत, हातभर बांगड्या. "इंडिया, मी बाहेर येऊन बोलते ना गो तिच्यासंगं. सगळं पाठ हाय माजं. घराचं, बापाचं, कशाला डॉक्टर व्हायचंय त्याचं."

"गप," आई म्हणाली. "बोलावल्यावर ट्रे घेऊन यायचं. मान खाली. मोठी मानसं बोलतील."

कोणाचा दोष सांगू? त्या घरात परकं माणूस मुलगी बघायला येतं ते एकाच कामासाठी. दुसऱ्या कुठल्या कामासाठी कोणी येऊ शकतं, हे त्या गल्लीत कोणी पाहिलंच नव्हतं.

गालिना इवानोव्ना आली. जाडजूड, फुलाफुलांचा झगा, घामाने लालबुंद, चेहरा प्रेमळ. सोफ्यावर बसली तर प्लॅस्टिक चर्र वाजलं. मिस्ये शेजारी उभे, दुभाषी म्हणून. लीला आली. ट्रे, चहा, लाडू, डोक्यावरून पदर. बाईने तिला काहीतरी विचारलं, हसून. लीलाने मान वर केली. पण बाईकडे नाही, मिस्येंकडे बघितलं. सवय! वर्षभराची सवय! खडू दाखवतील, मग बोलायचं. मिस्येंचे दोन्ही हात खिशात होते.

तेवढ्यात आई म्हणाली, "लाजतीय पोर," आणि तिला कोपराने आत ढकललं.

बाईने कागद काढला. कागदावर बघितलं, मग सोफ्याकडे, टीव्हीकडे, कोटाकडे. कागदावर लिहिलेलं होतं रबोची, म्हणजे कामगार. तिने मिस्येंना विचारलं, हे खरं आहे का? मिस्येंनी भिंतीकडे बघितलं. त्या पांढऱ्या ठशाकडे. मी बघत होते, त्यांनी नीट, सावकाश बघितलं. मग म्हणाले,

"झिवूत खराशो."

छान राहतात.

"स्कोरा झामुश."

लवकरच लग्न आहे.

चार शब्द. पहिल्या पाच धड्यांतले. मला शब्दकोशाशिवाय समजलेलं पहिलं रशियन बोलणं ते! आधी चक्क आनंद झाला की अरे, समजलं, सगळं समजलं! आणि मग अर्थ लागला. बाईने कागदावर काहीतरी लिहिलं, लाडू उचलला, "म्म्म" केलं. लीलाचे वडील खूश होऊन हसले. मला फक्त म्हणायचं होतं, हा सोफा यांचा नाही. रशियनमध्ये तीन शब्दांचं वाक्य. मी ते मनात तयार केलं, तपासलं, परत तपासलं. चुकलं तर? आणि खडू कुठे दाखवलाय? बाई उठली. गेली.

बाईच्या मोटारीत जागा नव्हती म्हणून मिस्ये आणि मी बसने परत निघालो. दोन्हीकडे ऊस, डोक्यापेक्षा उंच.

"मिस्ये, सोफा त्यांचा नव्हता."

"माहीत आहे."

"मग तुम्ही..."

त्यांनी तुटका कान माझ्याकडे वळवला. "हा बघ. माझा पहिला दिवस रशियातला. कोणी सांगितलं नाही की त्या थंडीत टोपी लागते. वसतिगृह सापडेना, चार तास फिरलो, लोकांना विचारायला भाषा नाही. कान हाताला लागला तर लाकूड. मग सहा वर्षं. मग हे. परवा एक बाई आली, म्हणाली, तुम्हाला नळातलं काय कळतंय, मोठ्या साहेबाला बोलवा. लीलाही कागद घेऊन येईल. तिला इथे कोण डॉक्टर म्हणणार आहे?"

"तिला विचारायचं होतं ना मग!"

"विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती."

आणि खिशातून पुडी काढली. तीन गातो पिमाँ. दोन त्यांनी खाल्ले, तिसरा माझ्यापुढे धरला. वर्षभरात पहिल्यांदा. मी घेतला. खाल्ला. तिखट होता, छान होता.

जागा राजेनला मिळाली. त्याच्याकडे बाई गेली तेव्हा बाप लॉरीखाली आडवा, ग्रीसने काळा, बाईला टायरवर बसवलेलं. तयारी काहीच नाही! लॉऱ्यांच्या मालकाच्या घरी बाईला गरिबी दिसली आणि ऊसतोड्याच्या घरी सोफा.

आणि सोफ्यावरून आठवलं, पितोंच्या मावशीने सोफा परत न्यायला येताना स्वतःच्या दिराच्या मुलाचं स्थळच आणलं. सगळी तयारी झालेलीच होती, म्हणाली. महिन्यात ठरलं.

लीलाने मला बाजारात गाठलं. "इंडिया, खरं सांग. त्या दिशी मिस्ये काय बोललं?"

मी सांगितलं. चारही शब्द.

"तुला तवाच समजलं?"

"हो."

"मग तू का नाय बोललीस?"

"चुकेल असं वाटलं," मी म्हटलं. "बोलताना."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "बरोबर हाय," म्हणाली. "मी पन खडूच बगत होते."

लग्नाच्या आदल्या आठवड्यात ती वर्गात आली, मिस्येंना पत्रिका द्यायला. पत्रिका टेबलावर ठेवली आणि गेली नाही. फळ्यासमोर उभी राहिली, हात मागे बांधून. कोणी खडू दाखवला नव्हता. आणि रशियनमध्ये सुरू झाली. हे आमचं घर. हा आमचा सोफा नाही. हे माझे वडील. ते ऊस तोडतात. हा त्यांचा हात. पहाटे मूठ वळत नाही, आई गरम पाण्यात धरून उघडते. मला डॉक्टर व्हायचं होतं. हे माझे गुरुजी. त्यांना सगळं माहीत होतं.

गुरुजीच म्हणाली, तेवढं मराठीत. मिस्ये नाही.

सवयीने मिस्येंचा हात खिळ्याकडे गेलेला. ते ऐकत होते, प्रत्येक शब्दाला डोळे बारीक करून चूक शोधत होते, मला दिसत होतं. शेवटपर्यंत शोधली. मग टोपी काढली आणि तिच्यापुढे धरली. डोक्यावर नाही, हातात द्यायला.

"घे. तुझी."

"नको," लीला मराठीत म्हणाली. "इथं लई उकडतं."

जिन्यावर बांगड्या वाजत गेल्या. मिस्येंनी टोपी पुन्हा खिळ्याला लावली, नीट, पट्ट्या सारख्या करून. "धडा बारावा," म्हणाले.

त्यानंतर मी वर्गात गेले नाही. सहा महिन्यांनी बाबांची मुदत संपली, सामान बांधलं, आणि निघायच्या आदल्या दिवशी पाय आपोआप तो जिना चढले. दार उघडं होतं. नवीन वर्ग, नवीन चेहरे. मिस्ये तेच, शर्ट तोच, बटणं लावलेली. पहिल्या बाकावर एक बारकी मुलगी टोपी घालून उभी, पट्ट्या बांधलेल्या, नाकाच्या शेंड्यावरून घाम वहीवर टपकत होता.

मिस्येंना मी दिसले. ना हसले, ना ये म्हणाले.

"स्कोल्का?"

"चार," मी म्हटलं, आणि दारातूनच, मोठ्याने, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं सांगितले. झिवूत खराशो. स्कोरा झामुश.

नव्या मुलांना काहीच कळलं नाही. त्यांचा तो धडा झाला नव्हता. मिस्ये माझ्याकडे बघत होते, खडू हातात तसाच, आणि मला वाटलं आता काहीतरी म्हणतील. त्या बारक्या मुलीलाही वाटलं असावं की संपलं, कारण तिने हळूच हनुवटीखालच्या गाठीला हात घातला.

मिस्ये फळ्याकडे वळले.

"हात खाली," तिला म्हणाले. "अजून तीन मिनिटं आहेत."